अरिस्तिदेसने वाचलेला शेवट

अरिस्तिदेस लोबाइना आज बाराकोआ शहरात प्रेशर कुकर दुरुस्त करतो. चर्चच्या मागच्या गल्लीत दारात स्टूल टाकून बसतो, जुन्या ट्यूबमधून रबरी रिंगा कापतो आणि त्या टिकत नाहीत म्हणून बायकांची बोलणी खातो. हा माणूस एके काळी अख्ख्या डोंगराला हसवायचा आणि रडवायचा, असं मी सांगितलं की आजची पोरं माझ्याकडे म्हाताऱ्याचं डोकं फिरल्यासारखी बघतात. त्याच्यापुढे कोणी सिनेमाचा विषय काढला तर तो हातातला कुकर खाली ठेवतो आणि आत निघून जातो. का जातो ते त्याने कोणाला सांगितलेलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, मी तिथेच होतो.

बावीस वर्षं आम्ही दोघांनी फिरता सिनेमा चालवला. रशियन ट्रक, एक जनरेटर, एक प्रोजेक्टर, एक चादर आणि आम्ही दोघं. ट्रक मी चालवायचो, बाकी सगळं तो बघायचा. रस्ता संपला की सामान खेचरांवर चढायचं, आणि खेचरांना सिनेमाची आवड नसल्यामुळे पुढचा प्रवास शिव्या घालत व्हायचा. दर दोन महिन्यांनी एकेका वस्तीची पाळी यायची. दोन झाडांमध्ये चादर ताणायची, लोक घरून खुर्च्या घेऊन यायचे, अंधार पडला की सुरू.

सिनेमाच्या सरकारी कचेरीतून जे रीळ येईल ते दाखवायचं. बहुतेक सिनेमे परदेशी, रशियन, पोलिश, चेक, आणि बोलणं खाली पडद्यावर आपल्या भाषेत लिहिलेलं. आता डोंगरातल्या मोठ्या माणसांना अक्षरओळख होती, एकसष्टच्या साक्षरता मोहिमेत सगळे शिकले होते. पण त्यांचं वाचन म्हणजे शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवून. पडद्यावर बोट कुठे ठेवणार? एक ओळ लागेपर्यंत तिसरी निघून गेलेली असायची. म्हणून अरिस्तिदेस प्रोजेक्टरशेजारी उभा राहून मोठ्याने वाचायचा.

एरवी हा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. मीठ मागायचं तर 'म'वरच अडकून बसायचा. पण दुसऱ्याचं वाचायला लागला की एक अक्षर अडखळायचं नाही. बायकांचा आवाज बायकांसारखा, खलनायकाचा घशातून, लहान मुलांचा नाकातून. लोक पडद्याकडे बघायचे आणि कान त्याच्याकडे द्यायचे.

पुढे पुढे त्याने ओळींना हात लावायला सुरुवात केली. आधी थोडंसंच. एखादी शिवी गाळायची, एखाद्या सासूला चार शब्द जास्त द्यायचे. मग विधुरांची लग्नं लागायला लागली, तुरुंगातले सुटायला लागले. एका पोलिश सिनेमात कुत्रा मरतो आणि त्याला अंगणात पुरतात. समोर मुलं बसली होती. अरिस्तिदेसने वाचलं, "चला, त्याच्यासाठी हाडूक पुरून ठेवू, परत आला की शोधेल." पडद्यावर सगळं घर ढसाढसा रडतंय, आणि आमची मुलं खूश. एक म्हातारी म्हणाली, "किती माया बघ यांची, हाडकासाठी रडतात." मी जनरेटरमागे बसून पोट धरून हसलो होतो.

ज्यांना भराभर वाचता यायचं, म्हणजे मास्तरीण, दवाखान्यातला मदतनीस आणि मी, ते काही बोलत नसत. अरिस्तिदेसचा शेवट खऱ्या शेवटापेक्षा बरा असायचा, मग कशाला तोंड उघडा? आम्ही सगळ्यांनीच त्याला लाडावून ठेवलं होतं.

अरोयो बेर्मेहो ही कोकोवाल्यांची वस्ती, पंचवीस-तीस घरं, खाली नदी. तिथे एमेरिता कोबास नावाची बाई होती. बारीक, ताठ, कोणाशी फार न बोलणारी. नवरा मोआच्या निकेलच्या कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला होता. तिला दोन मुलं, ओस्मेल आणि नेरेइदा. ऐंशीच्या ऑक्टोबरात नदी चढली आणि ओस्मेल शाळेतून येताना वाहून गेला. सात वर्षांचा होता. नेरेइदा तीनची.

वर्षभर एमेरिता कुठे गेली नाही. एक्याऐंशीच्या अखेरीस आम्ही तिथे गेलो तेव्हा शेजारणींनी तिला ओढून सिनेमाला आणलं. पहिल्या रांगेत, खुर्चीच्या काठावर बसली होती. मांडीवर पोरगी झोपलेली.

सिनेमात काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चेक होता. एक डॉक्टर, त्याची बायको, त्यांचा एकुलता एक मुलगा. पहिल्याच रिळात मुलगा तळ्यावरचा बर्फ फुटून बुडतो. एमेरिता हलली नाही, पण तिच्या शेजारणीने मान वळवून आमच्याकडे असं बघितलं की मी खाली बघायला लागलो. मग तो डॉक्टर बायकोने जपून ठेवलेल्या दुधाच्या दातापासून तसाच दुसरा मुलगा तयार करतो. हुबेहूब तोच.

रीळ बदलताना पाच मिनिटं लागतात. मी अरिस्तिदेसजवळ गेलो आणि म्हणालो, "रीळ तुटलं म्हण. बंद कर." ही आमची नेहमीची युक्ती होती, पाऊस आला किंवा भांडण झालं की आम्ही रीळ तोडायचो.

"न-नको," तो म्हणाला. "मी सांभाळतो."

"काय सांभाळणार तू?"

"शेवट."

तो सिनेमा मी पुढे बऱ्याचदा आठवला आहे. वाईट नव्हता. नवा मुलगा वाढतो. आई त्याला पहिल्याचा स्वेटर घालते, पहिल्याच्या आवडीचं सूप करते, आणि त्याला ते आवडत नाही. तो चित्रं काढतो, तर आई म्हणते तू तर चित्रं काढायचा नाहीस. एक दिवस त्याला स्मशानात स्वतःचाच फोटो लावलेली कबर दिसते. मग घरात मोठं भांडण होतं. बाप म्हणतो, आम्ही तुला जीव दिला. मुलगा विचारतो, मला की तुमच्या दुःखाला? शेवटी तो घराच्या दाराबाहेर पाठ करून उभा असतो. बर्फ पडतोय. आई हाक मारते. पडद्याखाली लिहून येतं, "तुम्ही हाक मारता तेव्हा तो वळतो. मी नाही." आणि तो न वळता उभा राहतो, पडदा पांढरा होतो, संपलं.

मी हे वाचलं. त्याच क्षणी माझ्या कानावर अरिस्तिदेसचा आवाज पडला, नाकातला, लहान मुलाचा, एकदम मऊ. "आई, थांब. पाय पुसून आत येतो."

मी हसलो. हे लिहायची लाज वाटते, पण हसलो. मला वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं, पाठ करून उभ्या राहिलेल्या पोराला पायपुसणं दिलं. मग मी एमेरिताकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच राहिलं. ती रडत नव्हती. ती नुसती ऐकत होती, तो आवाज संपल्यावरही.

सिनेमानंतर चर्चा घ्यायची असा कचेरीचा नियम होता. प्रश्न छापून यायचे. त्या दिवशीचा पहिला प्रश्न होता, 'माणसाची प्रत काढण्याचा अधिकार विज्ञानाला असावा काय?' अरिस्तिदेसने तो वाचला आणि नेहमीप्रमाणे म्हातारा काझिमिरो आधी उठला.

"समजा माझी प्रत काढली," तो म्हणाला, "तर रेशनचं कार्ड एकच राहणार की दोन?"

"एकच. माणूस एकच ना," कोणीतरी म्हणालं.

"मग त्याने माझ्या वाट्याचा तांदूळ खायचा? राहू दे. मी आहे तेवढा पुरे."

"आहे तेवढाही जास्तच होतोय," त्याची बायको मागून म्हणाली.

सगळे हसले. कोणी विचारलं, त्याचा बाप्तिस्मा परत करायचा का. कोणाला आपल्या झुंजीच्या कोंबड्याची प्रत हवी होती. हसणं ओसरलं तशी एमेरिता उभी राहिली. पोरगी खांद्यावर.

"हे खरं होतं का कुठे?" तिने विचारलं.

तिथे कोणी हसलं नाही. आता आजचा माणूस म्हणेल, असं कसं विचारलं, सिनेमा तो सिनेमा. पण वर्षापूर्वीच आपला एक माणूस, गुआंतानामोचा, आपल्याच भागातला, अवकाशात जाऊन आला होता. कोकोच्या बागेत उभं राहून आम्ही ते रेडिओवर ऐकलं होतं. त्यानंतर काय होणार नाही असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नव्हती.

अरिस्तिदेसच्या हातात कागद होता. खरं उत्तर त्याला स्वतःच्या शब्दांत द्यावं लागलं असतं. तो कागदाकडे बघत, वाचल्यासारखं, एकही अक्षर न अडखळता म्हणाला, "अजून नाही. पण तिकडे प्रयत्न चालू आहेत. दहा-पंधरा वर्षांत होईल."

कागदावर तसं काही नव्हतं.

परत येताना मी त्याला म्हणालो, "कंपाय, गड्या, हे जरा जास्त झालं." तो म्हणाला, "तिला आज झोप लागेल." आणि मी म्हणालो, असेल बाबा. विषय तिथेच सोडला.

आमच्याकडे पुरलेल्या माणसाला दोन वर्षांनी वर काढतात. घरचं माणूस हजर लागतं. हाडं फडक्याने पुसायची, छोट्या पेटीत भरायची आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, म्हणजे खालची जागा दुसऱ्याला मिळते. ब्याऐंशीच्या शेवटी ओस्मेलचं हे काम झालं. पुढच्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा एमेरिताने आम्हाला कॉफीला बोलावलं. उकडलेली केळी, अळकुड्या, तिच्या मानाने मोठी तयारी. मग तिने आतून औषधाची एक छोटी बाटली आणली. बाटलीत दारू आणि दारूत एक इवलासा दात.

"पुसताना काढून घेतला," ती म्हणाली. "म्हणजे सुटाच पडला हातात. बघ तू. दुधाचा आहे. चालेल ना हा?"

अरिस्तिदेस बाटलीकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, पहिलं अक्षर निघेना. मला कळलं तो काय म्हणायला बघतोय. मीही म्हणू शकलो असतो, माझी जीभ काही अडखळत नाही. मी कॉफीत साखर घातली, ढवळली, परत घातली.

"चा-चालेल," तो म्हणाला.

"मोजतेय मी," ती म्हणाली. "पंधरा म्हटलं तरी मी पंचेचाळीसची असेन. वाढवायला जमणार नाही, पण ही असेलच की." आणि तिने नेरेइदाकडे बोट दाखवलं. पोरगी अंगणात कोकोच्या बिया उलथत होती. पाच वर्षांची. घरात कोपऱ्यात मुलाचा पलंग होता, चादर घातलेला, आणि पोरगी जमिनीवर चटईवर झोपायची हे मी त्या दिवशी पाहिलं.

अरिस्तिदेसचं तेव्हापासून बिघडलं. शेवट बदलणं त्याने सोडलं. कुत्रे मरायला लागले. लोक कुरकुरले, तुझा घसा बसला का म्हणाले. ट्रकमध्ये तो तासन्‌तास हातात रिकामी चकती फिरवत बसायचा आणि मग एकदम म्हणायचा, "पुढच्या खेपेला सांगतो." पुढची खेप यायची, आम्ही तिच्या ओट्यावर बसायचो, ती कॉफी द्यायची आणि हा खेचरांच्या खुरांबद्दल बोलायचा. निघताना मी टोमणा मारायचो, "खुरांचं छान सांगितलंस तिला." एकदा तो भडकला आणि म्हणाला, "तू स-सांग मग. तुला तर धड बोलता येतं." मी गिअर बदलला.

अशी सात वर्षं गेली. वर्षं काय, जातात. आम्ही रिळं नेत राहिलो. नेरेइदा उंच झाली, आईसारखीच बारीक. ती कधी सिनेमाला पुढे बसायची नाही, मागे झाडाला टेकून उभी असायची. मी एकदा विचारलं, "खुर्ची नाही का गं?" तर म्हणाली, "घरात दोन आहेत. एक आईची, एक दादाची." मला वाटलं चेष्टा करतेय, पण पोरगी चेष्टेतली नव्हती.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये मास्तरणीने आम्हाला रस्त्यात गाठलं. नेरेइदाला बाराकोआच्या निवासी शाळेत सातवीची जागा मिळाली होती. वस्तीतून एकटीला. एमेरिता सोडायला तयार नव्हती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, ओस्मेल यायची वेळ होत आली, पोरगी शहरात गेली तर त्याला वाढवायचं कोणी. मी समजावून थकले. म्हणते, अरिस्तिदेस खोटं बोलेल का?" मास्तरणीने अरिस्तिदेसकडे बघितलं. तिलाही वाचता येत होतं. त्या पहिल्या खेळाला ती तिथेच होती. "आपण सगळेच गप्प बसलो," ती म्हणाली. "पण सुरुवात तू केलीस."

त्या दिवशी अरिस्तिदेस जेवला नाही. मी म्हणालो, आता तरी तोंडाने सांग आणि मोकळा हो. तो म्हणाला की तोंडाने सांगून भागणार नाही. तिने ते डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा पुसायचं तर तेच परत दाखवावं लागेल. आणि त्याने ते रीळ मागवायला सुरुवात केली. सांतियागोच्या गोदामाला पत्रं लिहिली, अकरा. उत्तर आलं की प्रत झिजली आहे, नष्ट करायच्या यादीत आहे. तो स्वतः बसने गेला, दोन दिवस तिथे फरशीवर झोपला आणि डबे काखोटीला मारून परत आला. त्याने काय सांगून ते मिळवले हे मला आजही ठाऊक नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही अरोयो बेर्मेहोत चादर बांधली. सोमवारी शाळा सुरू होणार होती. कुठला सिनेमा आहे ते कळल्यावर एमेरिता धुतलेला पोशाख घालून आली, केस विंचरून. पहिल्या रांगेत बसली. घरी पाहुणा येणार असलेल्या बाईसारखी दिसत होती. नेरेइदा मागे झाडापाशी.

अरिस्तिदेस वाचायला लागला. जसं लिहिलंय तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्वेटर, सूप, चित्रं. मागच्या वेळी त्याने कुठे कुठे साखर पेरली होती ते मला आता कळत होतं. एमेरिताची मान हळूहळू त्याच्याकडे वळायला लागली. ती पडद्याकडे बघायची, मग त्याच्याकडे. बापलेकाचं भांडण आलं. "मला की तुमच्या दुःखाला?" हे त्याने वाचलं, पण आवाज नाकातला नव्हता, त्याचा स्वतःचा होता, आणि घोगरा झाला होता.

मग दार. बर्फ. पोराची पाठ. पडद्यावरची आई हाक मारते. एमेरिताने खुर्चीचे दोन्ही हात धरले. तिने तोंड उघडं ठेवून अरिस्तिदेसकडे बघितलं, ते वाक्य त्याच्या तोंडून यायची वाट बघत, आठ वर्षं जे तिच्या कानात होतं.

अक्षरं पडद्यावर आली. अरिस्तिदेस गप्प.

"वाच ना," काझिमिरो ओरडला. "काय म्हणतो पोरगा?"

अरिस्तिदेसचा जबडा हलत होता. खरं निघत नव्हतं आणि खोटं आता तो बोलणार नव्हता. पडद्यावर ते वाक्य तसंच थांबलेलं. दिग्दर्शकाने ते बराच वेळ ठेवलं होतं. मी जनरेटरपाशी होतो. मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही.

"तुम्ही हाक मारता तेव्हा तो वळतो," मागून आवाज आला. बारीक पण स्पष्ट, शाळेत धडा वाचावा तसा. "मी नाही."

नेरेइदा झाडापासून पुढे आली होती. पडदा पांढरा झाला आणि त्या उजेडात ती सगळ्यांना दिसली. बारा वर्षांची पोर. जे काम अरिस्तिदेसचं होतं, नाही तर माझं होतं, मास्तरणीचं होतं, ते तिला करावं लागलं, तेही तिच्या आईसमोर.

मग एमेरिता उठली.

"हे असंच लिहिलंय?" तिने पोरीला विचारलं.

"हो."

"तेव्हाही असंच होतं?" हे अरिस्तिदेसला.

तो मानेनेच हो म्हणाला.

"मग तू काय वाचलंस?"

"म-माझ्या मनातलं."

"माझ्यासाठी?"

"हो."

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्याने आपल्या परसात न विचारता झाड लावलं तर विचारावं, तसं तिने विचारलं. एमेरिताने आपली खुर्ची उचलली, नेहमीसारखी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. पोरीपाशी आल्यावर थांबली.

"तुला ठाऊक होतं हे होत नाही म्हणून?"

"मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं. तिसरीत असताना."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू त्याच्याबद्दल बोलत असायचीस ना," नेरेइदा म्हणाली. "मधे कसं बोलू?"

एमेरिता तिच्याकडे बघत उभी राहिली. मला एवढंच वाटलं, आणि अजूनही वाटतं, की ही बाई आपल्या मुलीची उंची पहिल्यांदा बघतेय.

रविवारी सकाळी आम्ही सामान बांधत असताना एमेरिता पोरीला घेऊन आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन झगे आणि केळीच्या पानात बांधलेला खोबऱ्याचा खाऊ. अरिस्तिदेसकडे तिने बघितलं नाही. मला म्हणाली, "सिल्वानो, हिला शाळेच्या दारापर्यंत सोड. फाटकापर्यंत नाही, दारापर्यंत." पोरीच्या गळ्याला मिठी मारताना ती रडली. ओस्मेल गेल्यापासून तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

नेरेइदा आमच्या दोघांच्या मधे बसली. रस्ता वाईट होता, ट्रक उसळत होता. अरिस्तिदेस खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला माफी मागायची होती हे त्याच्या मानेवरून कळत होतं. शेवटी तो वळला आणि म्हणाला, "पो-पोरी, मी तुझं..." आणि अडकला.

तिने त्याला वाक्य पूर्ण करायला लावलं नाही. "काका," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा काय वाचलं होतं? मी झोपले होते. आई ते शब्द कोणाला सांगायची नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत होतो. मग त्याने सांगितलं. दुसऱ्याचं असल्यासारखं, सरळ. "आई, थांब. पाय पुसून आत येतो."

नेरेइदाने ते ऐकलं. पिशवी मांडीवर धरून थोडा वेळ विचार करत होती.

"छान आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि त्याची बहीण? ती कुठे असते तेव्हा? घरात?"

मी अरिस्तिदेसची वाट बघितली. मला वाटलं, आता रचेल हा काहीतरी, एवढी वर्षं रचलं, एक बहीण याला जड नाही. पोरगीही त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"त्या सिनेमात बहीण न-नव्हती," तो म्हणाला.

"आणि तुम्ही वाचलंत त्यात?"

"त्यातही नव्हती."

ती बरं म्हणाली आणि पिशवीतून खाऊ काढून तिने तिघांना सारखा वाटला. अरिस्तिदेसने आपला वाटा हातात तसाच धरून ठेवला, बाराकोआ येईपर्यंत.